आयत्या बिळावर नागोबा? ओपन सोर्सवर कमावणाऱ्या कंपन्यांचा वाद नेमका काय आहे

अँड्रॉइड फोनवर 'ज्ञानेश्वर' किंवा 'कार्यकर्ता' असा शब्द टाइप केला की ज आणि ञ मिळून ज्ञ होतो, र चा रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. हे आपोआप होत नाही. कोणतं अक्षर कुठं आणि कसं जोडायचं, हे ठरवण्याचं काम 'हार्फबझ' नावाचं एक सॉफ्टवेअर करतं. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबर ऑफिस या सगळ्यांत ते आहे. बहुतेकांनी त्याचं नावही ऐकलेलं नसतं. ते कुणीही फुकट घेऊ शकतं, बदलू शकतं आणि आपल्या प्रॉडक्टमध्ये घालून विकूही शकतं.

यालाच ओपन सोर्स सॉफ्टवेअर म्हणतात. बँकेचं अॅप असो, सिनेमाचं तिकीट काढायची साइट असो की टीव्हीचा सेट टॉप बॉक्स, आत डोकावलं तर अशी शेकडो छोटी-मोठी सॉफ्टवेअर सापडतात. २०२४ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी हिशेब मांडला. जगभरातल्या कंपन्यांना ही सॉफ्टवेअर फुकट मिळाली नसती आणि प्रत्येकीला ती स्वतः लिहून घ्यावी लागली असती, तर एकूण खर्च ८.८ लाख कोटी डॉलरच्या घरात गेला असता. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त बोलकी आहे. या किमतीचा ९६ टक्के भाग जेमतेम ५ टक्के प्रोग्रॅमरच्या कामातून आला आहे.

यातल्या काहींना कंपन्यांचा पगार मिळतो. पण बरेच जण नोकरी सांभाळून, रात्री किंवा रविवारी हे काम करतात. त्यांच्या कोडवर कंपन्या अब्जावधी कमावतात आणि परत काहीच देत नाहीत, अशी तक्रार गेली दहा-पंधरा वर्षं सतत होते आहे.

कायदा काय म्हणतो?

सगळ्यात आधी हे स्पष्ट करायला हवं की यातल्या बहुतेक कंपन्या कोणताही कायदा मोडत नाहीत.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, तेव्हापासून त्यांचा मुद्दा स्वातंत्र्याचा होता, किमतीचा नव्हता. सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला त्याचा कोड पाहता, बदलता आणि पुढे वाटता आला पाहिजे, एवढंच. १९९८ मध्ये 'ओपन सोर्स' हा शब्द रूढ झाला, तो मुळी कंपन्यांना ही कल्पना पटावी म्हणूनच. ओपन सोर्सच्या अधिकृत व्याख्येत असं कलमच आहे की, सॉफ्टवेअर कोणत्या कामासाठी वापरायचं यावर बंधन घालता येणार नाही. म्हणजे 'धंद्यासाठी वापरू नका' अशी अट घातली, की ते सॉफ्टवेअर ओपन सोर्स राहत नाही.

बंधनं असतात ती लायसन्समध्ये, आणि लायसन्सचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एमआयटी, बीएसडी, अपाची ही मोकळी लायसन्स. लेखकाचं नाव ठेवा, बाकी काय करायचं ते करा. जीपीएल हे त्याहून कडक. या कोडमध्ये बदल करून तुम्ही सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिलंत, तर तुमचे बदलही त्याच अटींवर खुले करावे लागतात.

इथं 'दिलंत' या शब्दाला महत्त्व आहे. जीपीएल लिहिलं गेलं तेव्हा सॉफ्टवेअर फ्लॉपीवरून दिलं जायचं. आता कंपनी ते स्वतःच्या सर्व्हरवर चालवते आणि ग्राहक फक्त इंटरनेटवरून वापरतो. सॉफ्टवेअर कुणाच्या हातात दिलंच जात नाही, त्यामुळे जीपीएलची अट लागूच होत नाही. ही फट बुजवण्यासाठी २००७ मध्ये एजीपीएल आलं. सर्व्हरवरून वापरू दिलं तरी बदललेला कोड खुला करा, असं ते सांगतं. कंपन्यांना त्याची किती धास्ती आहे हे पाहायचं तर गूगलचं उदाहरण पुरेसं आहे. एजीपीएलचा कोड कंपनीत वापरायचा नाही, हे गूगलचं जाहीर धोरण आहे.

वर्षाला दोन हजार डॉलर

हा विषय सामान्य माणसापर्यंत पहिल्यांदा पोचला तो एप्रिल २०१४ मध्ये. ब्राउझरमध्ये वेबसाइटच्या पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपामागे जे गणित चालतं, ते त्या काळी असंख्य सर्व्हरवर 'ओपनएसएसएल' नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर करत होतं. बँका, ईमेल, सरकारी खाती, सगळ्यांचा भरवसा त्यावर. ७ एप्रिल २०१४ ला जाहीर झालं की त्यात दोन वर्षांपासून एक भोक आहे. त्याला नाव पडलं 'हार्टब्लीड'.

चूक अगदी साधी होती. दोन कॉम्प्युटर जोडलेले आहेत ना, हे तपासायला एक जण दुसऱ्याला सांगतो, "पोहे हा शब्द परत पाठव, दोन अक्षरांचा आहे." ओपनएसएसएल ही अक्षरं मोजून पाहतच नव्हतं. कुणी म्हटलं, "पोहे हा शब्द परत पाठव, चौसष्ट हजार अक्षरांचा आहे," तर सर्व्हर बिचारा 'पोहे' आणि त्यापुढे मेमरीत जे काही पडलं असेल ते सगळं पाठवून द्यायचा. त्यात लोकांचे पासवर्ड असू शकत होते, सर्व्हरच्या गुप्त किल्ल्याही. कॅनडाच्या कर खात्यातून सुमारे ९०० नागरिकांचे विमा क्रमांक असेच चोरीला गेले.

मग लोकांनी चौकशी केली, हे सॉफ्टवेअर सांभाळतं कोण? उत्तर ऐकून अनेकांना धक्का बसला. पूर्ण वेळ काम करणारा एकच माणूस होता, बाकी मोजके स्वयंसेवक. प्रकल्पाला देणग्या मिळत होत्या वर्षाला साधारण २,००० डॉलर. उरलेला खर्च सल्ला देण्याच्या छोट्या-मोठ्या कंत्राटांतून निघायचा. प्रकल्पाचा पैशाचा व्यवहार पाहणारे स्टीव्ह मार्क्वेस यांनी तेव्हा लिहिलं होतं, त्याचा आशय असा की, कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या स्वयंसेवकांच्या नजरेतून एक चूक सुटली यात नवल नाही, अशा चुका आणखी का झाल्या नाहीत हेच नवल आहे.

त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशननं एक निधी उभा केला. गूगल, फेसबुक, मायक्रोसॉफ्ट, अॅमेझॉन, इंटेल वगैरे कंपन्यांनी प्रत्येकी वर्षाला किमान एक लाख डॉलर, असे तीन वर्षं द्यायचं कबूल केलं. या कंपन्यांच्या आकारापुढे ही रक्कम म्हणजे दर्या में खसखस.

सात वर्षांनी, डिसेंबर २०२१ मध्ये, तसंच पुन्हा घडलं. या वेळी 'लॉग४जे' नावाच्या जावा लायब्ररीत भोक सापडलं आणि जगभरातल्या आयटी कंपन्यांची सुट्टी रद्द झाली. लायब्ररी सांभाळणारे लोक स्वयंसेवकच होते. याच गोंधळात स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांना एक ईमेल आला. 'कर्ल' हे त्यांचं सॉफ्टवेअर फोन, मोटारी, टीव्ही अशा अब्जावधी वस्तूंमध्ये आहे. एका बड्या अमेरिकी कंपनीनं त्यांना विचारलं होतं की तुमच्या प्रॉडक्टमध्ये लॉग४जे आहे का, काय उपाय केले, सगळ्याची उत्तरं चोवीस तासांत द्या. कर्ल जावामध्ये नाही, सी भाषेत लिहिलेलं आहे. आणि कंपनीनं कर्लसाठी एक पैसाही कधी मोजलेला नव्हता. सपोर्टचा करार केलात तर आनंदानं उत्तर देईन, असं स्टेनबर्ग यांनी कळवलं. त्यावर कंपनीनं पाठवलेल्या पुढच्या ईमेलची सुरुवात 'हाय डेव्हिड' अशी होती.

इलास्टिक विरुद्ध अॅमेझॉन

फुकट वापरून देणगी न देणं ही तक्रारीची एक बाजू झाली. दुसरी बाजू धंद्याची आहे, आणि तिथं खरी भांडणं झाली.

शे बॅनन नावाचा एक इस्रायली प्रोग्रॅमर. त्याची पत्नी लंडनमध्ये पाककलेचं शिक्षण घेत होती. तिच्या पाककृती पटापट शोधता याव्यात म्हणून त्यानं एक सर्च प्रोग्रॅम लिहायला घेतला. त्यातूनच पुढे २०१० मध्ये 'इलास्टिकसर्च' आलं. ते अपाचीच्या मोकळ्या लायसन्सखाली होतं. २०१२ मध्ये त्यावर कंपनी उभी राहिली, २०१८ मध्ये ती न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात गेली.

दरम्यान ऑक्टोबर २०१५ मध्ये अॅमेझॉननं आपल्या क्लाउडवर 'अॅमेझॉन इलास्टिकसर्च सर्व्हिस' सुरू केली. सॉफ्टवेअर तेच, ग्राहक अॅमेझॉनचा, बिल अॅमेझॉनचं. अॅमेझॉनच्या तंत्रज्ञान प्रमुखांनी ही सेवा इलास्टिकच्या भागीदारीत आल्याचं ट्विट केलं. अशी भागीदारी नव्हतीच, असं बॅनन यांचं म्हणणं. लायसन्सनं अॅमेझॉनला सगळी परवानगी दिली होती. नावाच्या वापराबद्दल मात्र इलास्टिक २०१९ मध्ये कोर्टात गेली.

जानेवारी २०२१ मध्ये इलास्टिकनं जाहीर केलं की पुढची आवृत्ती अपाची लायसन्सखाली येणार नाही. नवं लायसन्स असं की, तुम्ही हे सॉफ्टवेअर सेवा म्हणून विकत असाल तर ती सेवा चालवण्यासाठी लागणारा तुमचा सगळाच कोड खुला करा. अॅमेझॉन ते करणार नाही, हे उघडच होतं. हे लायसन्स मुळात मोंगोडीबी या डेटाबेस कंपनीनं २०१८ मध्ये आणलं होतं, आणि ओपन सोर्सची व्याख्या सांभाळणाऱ्या संस्थेनं त्याला मान्यता दिलेली नाही.

अॅमेझॉननं शेवटच्या मोकळ्या आवृत्तीचा कोड घेतला आणि वेगळी चूल मांडली. तिचं नाव 'ओपनसर्च'. प्रोग्रॅमरच्या भाषेत याला फोर्क म्हणतात. विनोद असा की, आता ओपन सोर्सचा झेंडा अॅमेझॉनच्या हातात होता आणि मूळ लेखकाची कंपनी बंद लायसन्सच्या बाजूला. आणखी एक गोष्ट या वादात फारशी कुणी बोललं नाही. इलास्टिकसर्चच्या पोटात सर्चचं मुख्य काम करतं ते 'ल्युसीन', आणि ते १९९९ मध्ये डग कटिंग यांनी लिहिलेलं दुसरंच ओपन सोर्स सॉफ्टवेअर. इलास्टिकनं ल्युसीनच्या कामात पुढे बरीच भर घातली हे खरं, पण सुरुवात आयत्या पायावरच झाली होती.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये इलास्टिकनं एजीपीएलचा पर्याय जोडला आणि आपण पुन्हा ओपन सोर्स झाल्याचं सांगितलं. पुढच्याच महिन्यात अॅमेझॉननं ओपनसर्च लिनक्स फाउंडेशनच्या स्वाधीन केलं.

हाच खेळ रेडिस या डेटाबेसच्या बाबतीत आणखी वेगानं झाला. मार्च २०२४ मध्ये रेडिस कंपनीनं मोकळं बीएसडी लायसन्स सोडलं. आठवडाभरात अॅमेझॉन, गूगल, ओरॅकल यांच्या पाठिंब्यानं 'वाल्की' हा फोर्क उभा राहिला. २०२५ च्या मे महिन्यात रेडिसही एजीपीएलवर आलं. क्लाउड सर्व्हर मांडायला वापरलं जाणारं टेराफॉर्म २०२३ मध्ये असंच बंद लायसन्सकडे गेलं आणि त्याचा 'ओपनटोफू' झाला. प्रत्येक वेळी कंपनीचं कारण एकच होतं, क्लाउडवाले आमच्या जिवावर कमावतात. आणि प्रत्येक वेळी सामान्य प्रोग्रॅमरचं उत्तरही जवळपास एकच होतं: आम्ही फुकट दुरुस्त्या पाठवल्या त्या मोकळ्या लायसन्सवर विश्वास ठेवून, आता नियम कसे बदलता?

वर्डप्रेसचं भांडण

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये हा वाद सोशल मीडियावर आला तो वर्डप्रेसमुळे. जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात. मराठीतले कितीतरी ब्लॉगही. त्याचे सहसंस्थापक मॅट मुलनवेग यांनी एका परिषदेत 'डब्ल्यूपी इंजिन' या होस्टिंग कंपनीवर उघड हल्ला चढवला. तिला त्यांनी वर्डप्रेसचा कॅन्सर म्हटलं. त्यांचा हिशेब असा: त्यांची कंपनी ऑटोमॅटिक वर्डप्रेससाठी आठवड्याला हजारो तास देते, तर डब्ल्यूपी इंजिन ४० तास. डब्ल्यूपी इंजिननं कमाईचा ८ टक्के हिस्सा पैशात किंवा कामात द्यावा, अशी त्यांची मागणी होती.

मागणी फेटाळल्यावर डब्ल्यूपी इंजिनला वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून अपडेट घेणं बंद केलं गेलं. त्याचा फटका त्या कंपनीच्या ग्राहकांना बसला, ज्यांचा या भांडणाशी काही संबंध नव्हता. कंपनीचं एक लोकप्रिय प्लगइनही ताब्यात घेतलं गेलं. प्रकरण कॅलिफोर्नियाच्या कोर्टात गेलं आणि १० डिसेंबर २०२४ ला कोर्टानं तात्पुरता आदेश देऊन डब्ल्यूपी इंजिनला पूर्ववत प्रवेश द्यायला सांगितलं. जानेवारीत ऑटोमॅटिकनं आपले तास कमी करून आठवड्याला ४५ वर आणले, म्हणजे साधारण डब्ल्यूपी इंजिन देते तेवढेच. काही महिन्यांनी काम पुन्हा सुरू झालं.

वर्डप्रेस जीपीएलखाली आहे. ते वापरून होस्टिंग विकणाऱ्यानं वाटा द्यावा, असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. मुलनवेग यांची तक्रार अनेकांना पटली, पण वसुलीची पद्धत पटली नाही.

कंपन्या काहीच देत नाहीत का?

असंही नाही. लिनक्स कर्नलमधले बहुतेक बदल आज इंटेल, गूगल, रेड हॅट, एएमडी, मेटा अशा कंपन्यांचे पगारदार लोक करतात. कुबरनेटीस गूगलमधून आलं, रिअॅक्ट फेसबुकमधून. पण कंपन्या हात लावतात ते मोठ्या, नावाजलेल्या आणि धंद्याला थेट लागणाऱ्या प्रकल्पांना. कोपऱ्यातल्या एखाद्या लहानशा लायब्ररीकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि नेमकी तीच हजारो ठिकाणी वापरलेली असते.

'एक्सझेड' हे फाइल दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर तसंच. एकच माणूस वर्षानुवर्षं ते सांभाळत होता आणि थकला होता. 'जिया तान' या नावानं कुणीतरी दोनेक वर्षं मदत करून त्याचा विश्वास मिळवला आणि मग कोडमध्ये चोरदरवाजा बसवला. २९ मार्च २०२४ ला तो उघड झाला, तोही आंद्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो असा प्रश्न पडला म्हणून.

कधी कधी कंपनीची मदतच डोईजड होते. व्हीएलसीपासून यूट्यूबपर्यंत व्हिडिओचं काम करणाऱ्या 'एफएफएमपेग'च्या स्वयंसेवकांना २०२५ मध्ये गूगलच्या एआयनं शोधलेल्या त्रुटी मिळू लागल्या. त्यातली एक १९९५ च्या एका गेममधल्या व्हिडिओ फॉरमॅटची होती. चूक खरी होती. पण शोधायला एवढी मोठी यंत्रणा लावता, तर दुरुस्तीचा कोडही पाठवा नाहीतर पैसे द्या, असं त्यांचं म्हणणं पडलं. गूगलच्या बाजूनं युक्तिवाद असा, की भोक माहीत असणं हे माहीत नसण्यापेक्षा बरं. दोन्ही म्हणणी आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि म्हणूनच भांडण मिटत नाही.

पैसे द्यायचे तर कसे?

ऑक्टोबर २०२४ मध्ये सेंट्री कंपनीच्या पुढाकारानं 'ओपन सोर्स प्लेज' सुरू झालं. कंपनीनं आपल्या दर प्रोग्रॅमरमागे वर्षाला किमान २,००० डॉलर प्रकल्पांना द्यायचे आणि ते जाहीर करायचे, असा नियम. जर्मन सरकारनं २०२२ मध्ये याच कामासाठी निधी सुरू केला, कारण रस्ते आणि पुलांसारखीच ही सोय आहे आणि तिची देखभाल करावी लागते.

भारतात बंगळुरूच्या झिरोधानं ऑक्टोबर २०२४ मध्ये 'फ्लॉस फंड' जाहीर केला. वर्षाला दहा लाख डॉलर, प्रकल्प जगात कुठलाही चालेल. झिरोधाचा कारभार बराचसा ओपन सोर्सवरच चालतो, आणि हे त्यांनी कधी लपवलेलं नाही.

मुंबईच्या फ्रॅपे टेक्नॉलॉजीजचं उदाहरण दुसऱ्या टोकाचं आहे. कारखाने आणि दुकानांचा हिशेब, माल, पगार सांभाळणारं त्यांचं 'ईआरपीनेक्स्ट' जीपीएलखाली आहे. ते घेऊन कुणीही ग्राहकाकडे बसवून देऊ शकतं आणि फी घेऊ शकतं, फ्रॅपेला एक रुपया न देता. फ्रॅपे स्वतः होस्टिंग आणि सपोर्ट विकून कमावते. म्हणजे ज्या मोकळेपणाला अमेरिकी कंपन्या घाबरून लायसन्स बदलतात, त्यावरच इथं धंदा चालू आहे. अॅमेझॉनसारखा कुणी समोर उभा ठाकला तर काय होईल, हा प्रश्न अर्थात उरतोच.

युरोपनं मात्र देणगीच्या भानगडीत न पडता कायदा केला. सायबर रेझिलियन्स अॅक्ट डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला. त्यानुसार सॉफ्टवेअर असलेली वस्तू युरोपात विकणारी कंपनी त्यातल्या ओपन सोर्स भागांच्या सुरक्षिततेलाही जबाबदार राहील. एखाद्या भागात भोक सापडलं तर ते सांभाळणाऱ्याला कळवावं लागेल, आणि कंपनीनं स्वतः दुरुस्ती केली असेल तर ती त्याला द्यावी लागेल. युरोपात माल विकणाऱ्या पुण्याच्या कंपनीलाही हे लागू आहे. यातल्या बहुतेक अटी ११ डिसेंबर २०२७ पासून बंधनकारक होतील.